मागचं काळं

गिर्येच्या सड्यावर, जुलैच्या उघडिपीत,
मी पालथा पडलेलो, कोपरं चिखलात.
समोर दीपकाडी. वीत-दीड वीत दांडा,
त्यावर पांढरी फुलं, इतकी पांढरी
की मागच्या आभाळात विरघळत होती.

पांढऱ्याला मागे काळं लागतं.
देवगडात स्टुडिओ होता तेव्हा सोपं होतं:
मखमलीचा पडदा, दोन चिमटे,
समोर नवरी, हनुवटी जरा खाली.
आता दांडा खुडायचा नाही, कापड लावायचं नाही,
असं मीच ठरवलेलं,
आणि ठरवल्यापासून पाठ दुखतेय.

म्हणून काळं शोधत फिरतो.
कातळाची भेग सकाळी आठपर्यंत टिकते,
मग तिच्यात ऊन उतरतं नि शेवाळ उघडं पडतं.
करवंदीच्या जाळीचं पोट बरं,
पण आत एखादं पान चकाकतंच.
ओला जांभा दुरून काळा, भिंगातून तांबडा.
देवराईतला काळोख सगळ्यात गाढ,
तिथे दीपकाडी येत नाही.
एकदा स्वतःचीच सावली पाडून पाहिली.
ती नेमकी फुलावर पडली.

"काय हरवलां?"
वर पाहिलं तर अनुसया घाडी,
डोक्यावरून युरियाची पिशवी, हातात काठी.
मी फूल दाखवलं.
"ह्यां? ह्यां खाऊक गुरां पण तयार नाय."

तिची म्हैस मात्र तेवढ्यात आली
आणि फुलामागे आडवी उभी राहिली, रवंथ करत.
भिंगातलं आभाळ विझलं.
एकेक पाकळी मोजता यावी असं काळं,
ओलं, श्वास घेणारं.

"धरा तिला. दोनच मिनिटं."
"उभी रव गो चांदे."
अनुसयाबाईंनी शिंग धरलं.
मी पांढऱ्यापुरताच उजेड मोजला,
बाकी सगळं बुडू दिलं.
खाडीकडून वारा, म्हशीचा उच्छ्वास, शेपटीचा फटका,
दांडा थांबेपर्यंत माझाही श्वास बंद.
अकरा फोटो. त्यातला एक लागला.
चांदी हे नाव कपाळावरच्या ठिपक्यामुळे,
तो ठिपका चौकटीबाहेर ठेवताना
मला दोनदा चिखलात सरकावं लागलं.

दिवाळी झाल्यावर छापील प्रत घेऊन गेलो.
गोठ्यात लाकडं रचलेली.
चांदी आश्विनात विकली, घाडीबाईंनी सांगितलं,
किती आले तेही सांगितलं.
मग हात पदराला पुसून
फोटो लांब धरला, जवळ धरला.
"म्हस खंय?"

काय सांगणार? म्हटलं, दिसत नाही,
पण हे सगळं काळं आहे ना, ती तीच.
लांबी-रुंदीला पुरती.
त्यांनी मान हलवली, पटल्यासारखी नाही,
आणि फोटो खिडकीकडे तिरका केला.

वरच्या कोपऱ्यात नखाएवढा
एक फिकट, पुसट डाग होता.
छापण्याआधी काढून टाकणार होतो.
कंटाळा केला.
त्यावर बोट टेकवून त्या थांबल्या.
"हो बघ. चांद."

सुनेला हाक मारली, शेजारणीला हाक मारली.
तिघींनी मिळून पाठ कुठली, पोट कुठलं,
कान कुठे असणार ते ठरवलं,
काळ्यावर बोटं फिरवत.
मी ओटीवर चहा पीत बसलो.

फोटो देवळीत ठेवायच्या आधी
सून म्हणाली,
"पण मधी ह्यां पांढरां काय आडवां इलां?"