बेचाळीस

साडेपाचला शिट्टी मारतो.
तंबूतून आधी पाय येतात,
मग उलटा घातलेला टी-शर्ट,
मग त्याच्या आत कुठेतरी मुलगा.
मोजतो. बेचाळीस.
दिवसातून नऊदा मोजतो मी यांना,
पाठमोरे, रांगेत, जांभळाच्या फांदीवर,
एकमेकांच्या पाठीवरचे डास मारताना.

‘तळ्याकाठचे शिबिर’ असं पत्रकावर ठळक छापलंय.
पाण्यात उतरायचं नाही, हे खाली,
मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत.
पवईच्या पाण्यात मगरी आहेत.
पाटीवर एकीचं चित्र आहे,
मागल्या तुकडीनं तिला मिशा काढल्यात.
तेव्हा आम्ही एवढ्या पाण्याच्या काठावर
टँकरच्या पाण्यानं अंघोळ करतो,
माणशी दोन तांबे,
आणि तळं समोर नुसतं पडून असतं
परीक्षेच्या दिवशी मैदान असतं तसं.

धाकूमामाची चूल सहाला पेटते.
पोहे. काल पोहे.
उद्या उपमा म्हणतो, पण पोहेच.
डाव पातेल्यावर आपटून बजावतो,
‘पाण्याक हात लावू नकात रे, तो बघता हा.’
मगर तर ती असते.
मग हा तो कोण?
धाकूमामा सांगत नाही,
त्यामुळे पोरं मगरीला कमी
आणि त्याला जास्त भितात.

दुपारी मी गाठी शिकवतो.
ग्लॅडविननं स्वतःलाच खांबाला बांधून घेतलं
आणि सोडवायची कशी ते विसरला.
चहापर्यंत तसाच उभा, खांबाला टेकून,
कुणीतरी धरलेलं कॉमिक वाचत.
रेयांशला पलीकडच्या काठावरच्या टॉवरात
आपल्या घराची खिडकी दिसते, सतराव्या मजल्यावरची.
मध्ये फक्त एक तळं.
रात्री दहाला ती विझते,
मगच तो आडवा होतो.
पत्रात लिहिलंय:
आई, मी खूप लांब आलोय.

चौथी पहाट, तंबू तीन.
शिट्टीआधीच कुजबुज.
सतरंजीवर ओल,
आणि धुमाळांचा कैवल्य पाठ करून बसलेला,
गुडघे हनुवटीपाशी.
काय बोलावं याची मी जुळवाजुळव करत होतो
तोवर धाकूमामा बादली घेऊन आला,
अडखळला,
गावच्या नाटकात अडखळतात तसा,
आणि अख्खी बादली तंबूत.
शिव्या स्वतःलाच घातल्या, भरघोस, मालवणीत.
सहाच्या सहा सतरंज्या कुंपणावर वाळल्या.
कुठली कुणाची,
उन्हालासुद्धा सांगता आलं नसतं.
त्या दिवशी पाणी माणशी एकच तांब्या.
कैवल्यनं अंघोळ केली नाही.
आपला तांब्या भरून घेतला
आणि इकडेतिकडे बघून
परत पिंपात ओतला.

मगर निघाली शेवटच्या सकाळी.
जलपर्णीच्या कडेला एक ओंडका होता,
मग ओंडक्यानं डोळा मिटला.
पोरं इतकी गप्प
की चुलीतलं लाकूड तडकलेलं ऐकू आलं.
सवयीनं मोजली.
एक्केचाळीस.
पुन्हा मोजली. एक्केचाळीस.
माझ्या जिभेवर तांब्याची चव आली,
शिट्टी तोंडात होती आणि फुंकता येईना.
तेवढ्यात संडासाच्या वाटेनं मुस्तकीम,
नाडी बांधत, धावत:
‘काय झालं? सर, काय झालं?’
पाण्यावर आता फक्त वर्तुळं होती.

परतीच्या बसमध्ये
मगरीची गोष्ट सगळ्यात झकास
मुस्तकीम सांगत होता.
शेपटी कशी आपटली. दात किती.
आधी त्याच्याकडेच कशी बघत होती, एकटक.
एक्केचाळीस साक्षीदार
सीटांवर गुडघे टेकून, मागे वळून ऐकत होते.
कुणी अडवलं नाही.
मीही नाही.
मी मोजत होतो.