रेस सोडली की

बामणोलीच्या धक्क्यावर सकाळी साडेसातला
हुमेरा शिकलगार माझ्या मनगटात लाल दोरी अडकवते,
जुन्या टेलिफोनच्या वायरसारखी, वेटोळ्यांची.
"काका, तुम्ही पडला की ही निघणार,
ही निघाली की जेटस्की बंद.
तुमची वाट बघत तिथंच थांबेल."
एवढं माझी म्हैससुद्धा करत नाही.

एकतीस वर्षं लाँच चालवली मी.
बाळंतिणी, बकऱ्या, मतपेट्या,
एकदा मुंडावळ्यांसकट उलट्या करणारा नवरदेव,
सगळे या पाण्यावरून पलीकडं नेले.
आता कागद पाहिजे म्हणतात.
आणि कागद देणारी ही सांगलीची पोरगी,
माझ्या मधलीपेक्षा दोन वर्षांनी लहान.

पहिला दिवस नुसतं पडायचं.
मुद्दाम. डावीकडून, उजवीकडून.
आणि चढायचं मागूनच, गुडघा टेकून;
बाजूनं चढलं की ते कुशीवर येतं
पोट दुखणाऱ्या पोरासारखं.
बारा वेळा पडलो.
चहाच्या टपरीवरून दिनू मोजत होता,
त्याच्या हिशेबानं तेरा.

मग केशरी बोये, पाच, एका रांगेत,
त्यांच्यामधून नागमोडी.
मी बोयाकडं बघतो आणि बोयावरच जातो.
"त्याच्याकडं नका बघू.
जायचंय तिथं बघा.
मान वळली की खांदा वळतो, मग हे."
पाचवा बोया मात्र मीच तिला हलवायला लावला.
तिथं खाली आंब्याचं खोड आहे,
धरणाच्या आधीचं, आमच्या चुलत्यांच्या बांधावरचं.
मे महिन्यात टोक वर येतं,
आत्ता वीतभर पाण्याखाली असेल.
तिनं वाकून बघितलं. दिसलं नाही.
तरी हलवला.

तिसऱ्या दिवशी एकच बोया ठेवला.
"हे माणूस समजा. पोहणारं.
सरळ या, आणि चुकवा."

सरळ आलो.
आणि जन्मभर हाताला जे माहीत तेच हातानं केलं:
भ्यालो, रेस सोडली.
हँडल पुरतं डावीकडं पिळलेलं
आणि ते सरळच,
मुकाट, गुळगुळीत, तेलावरून गेल्यासारखं.
बोया माझ्या पोटाखालून गेला.

हुमेरानं शिट्टी मारली नाही.
ती तिच्या जेटस्कीवर बसून राहिली जरा वेळ,
मग म्हणाली,
"ह्याला ब्रेक नाही. सुकाणू नाही.
मागून फवारा सुटतो, तेवढंच वळण.
फवारा थांबला की हँडल नुसतं धरायला."

मला धाकटा आठवला.
वाटणीच्या दिवशी तो ओरडत होता
आणि मी गप्प बसलो होतो,
गप्प बसलं की टळेल म्हणून.
हे तिला सांगण्यासारखं नव्हतं.
"परत या," ती म्हणाली.

परत गेलो. परत माणूस मेलं.
सहाव्या वेळी बोया अंगावर येताना
दात ओठावर दाबून रेस दिली, थोडीच,
आणि शेपूट एकदम फिरली,
पाण्याचा पडदा उठला,
बोया मागं राहिला, हलत, अख्खा.
मी ओरडलो. दिनूनं किटली वाजवली.
सातव्या वेळी पुन्हा चिरडला.
कागद मंगळवारी, ती म्हणाली,
तोवर पन्नास वेळा या.

शेवटच्या संध्याकाळी तिला माझी लाँच दिली.
शेंबडीकडून परत येताना
धक्का जवळ आला, वळायचं होतं,
आणि तिनं शिकल्याप्रमाणं रेस वाढवली.
"सोड," मी म्हटलं.
तिनं माझ्याकडं बघितलं.
"सोड की. सोडूनही वळते ही."

इंजिनचा आवाज बसला.
पाणी फळ्यांना चाटत राहिलं.
सुकाणूवर तिचा हात, घट्ट, पांढरा पडलेला,
आणि लाँच हळूहळू,
म्हातारी गाय दावणीकडं वळते तशी,
तोंड फिरवत गेली.