कडता

धरणगावच्या जिनात एक तागडी होती,
बिडाची, माणसाहून उंच.
मुंबईपर्यंत आगबोटीनं, पाचोऱ्यापर्यंत रेल्वेनं,
पुढे चार बैल जुंपून आणलेली.
तिच्यासोबत आला टोबायस पेंडल,
बापाचं खिळे-बिजागऱ्यांचं दुकान
धाकट्या भावाच्या गळ्यात घालून.
गावानं त्याला पेंढारीसाहेब केलं.
त्याचा अर्थ त्याला कुणी सांगितला नाही.

गाडीमागे दोन शेर कडता.
पोत्याचा, धुळीचा, दहिवराचा,
आणि यातलं काही नसलं तर रिवाजाचा.
वीस हंगामांत त्या दोन-दोन शेरांचा
बंगला झाला,
बंगल्यात पियानो आला,
वैशाखात पियानो उभा तडकला.
ऐकणारंही कुणी नव्हतं.

म्हणतात, सरकी निवडणारी भुरी नावाची पोर
एकदा त्याच्या वहीत डोकावली :
"साहेब, हाई काय लिखेल शे?"
साहेब मुनिमाकडे बघू लागला,
मुनीम खुशालदास छताकडे.

असं घडलं का, ठाऊक नाही.
मी शाळेचा क्लार्क,
मला फक्त कागद बोलतात.
कागद म्हणतो : बंगला, जिन, दोन गोदामं
मुला-मुलींच्या शाळेस.
कागद म्हणतो : मुनिमाच्या वह्या जाळू नयेत.
आणि सातव्या कलमात, कापऱ्या अक्षरात,
वकिलाच्या इंग्रजीहून वेगळ्या इंग्रजीत :
तागडी शाळेस द्यावी.
दुरुस्त करू नये.

दारावरच्या संगमरवरात तो दानशूर आहे.
सातवं कलम संगमरवरात मावलं नाही.

तागडी प्रयोगशाळेत आहे, खिडकीशी.
आठवीचा वर्ग आला की देवरे मॅडम
कुणालाच काही ठेवू देत नाहीत त्यावर.
"आधी रिकामी बघा," म्हणतात.
पोरं वाकून बघतात :
दोन्ही पारडी मोकळी,
आणि दांडी कलती.
मागून कुणीतरी ओरडतं, "मॅडम, ही खोटं बोलते!"
"किती?" मॅडम विचारतात. "मोजा."

ठेवीचं व्याज आता वर्षाला एकशे बारा रुपये.
चलनफुगवट्यानंही आपला कडता कापलाच.
यंदा त्यात खडूच्या तीन पेट्या आल्या.
मी पावती फायलीला लावली.
नोंदवहीत वजनाचा रकाना नसतो,
तरी समासात लिहून ठेवलं,
किराणा दुकानातून तोलून आणून :
नऊशे ग्रॅम.
पेटीचा पुठ्ठा वगळून.
निव्वळ.