तिसऱ्या पेटीचा ग

जेलरोडला, पाण्याच्या टाकीमागच्या खोलीत
रविवारी नऊ वाजता
तीन पेट्या आणि अकरा मुलं.
एवढीशी चाल देतो मी त्यांना :
सा रे ग, रे ग म, ग रे सा.
आधी जशी आहे तशी वाजवा, म्हणतो.
वाजवतात.
आता तशी नको.

इथे सगळे थबकतात.
गोकुळ गांगुर्डे विचारतो,
म्हणजे चुकायचं का, सर?

काय सांगू त्याला.
एकतीस वर्षं प्रेसमध्ये तपासणीला होतो.
हाताखालून नोटांचे कागद जायचे
एकासारखा एक, एकासारखा एक,
केसाएवढी रेघ हलली
की अंगठ्याने बाजूला.
चांगली नोकरी. घर झालं तिच्यावर.
अजून झोपेत अंगठा हलतो म्हणे, बायको सांगते.

चुकायचं नाही रे, म्हटलं,
घरीच जायचंय,
फक्त रोजच्या गल्लीने नाही.

मग सुटतात.
झोया म वर थांबते, थांबूनच राहते,
बिटकोच्या सिग्नलला अडकलेली रिक्षा.
सुमेध प्रत्येक सूर दोनदा वाजवतो
(जुळा भाऊ शेजारीच बसलाय).
गोकुळ शेवटाकडून निघतो
आणि मध्येच स्वतःला समोरून भेटतो.
देवळालीकडून तोफांचा सराव ऐकू येतो,
काचा थरथरतात,
कुणीतरी तो धडाकाही मात्रेत बसवतं.

तिसऱ्या पेटीचा ग बोलायचा नाही.
पट्टी दाबली की नुसती हवा.
ती पेटी नेहमी केतकी पगारेच्या वाट्याला,
कारण ती उशिरा येते, आईबरोबर जुड्या बांधून,
बोटांना मेथीचा वास.
तक्रार नाही केली कधी.
सा रे हवा, रे हवा म,
हवा रे सा.

गेल्या महिन्यात पेटी भद्रकालीत नेली.
कारागिराने स्वर घासला, पुसला,
वर दीडशे रुपये घेतले.
ग आता खणखणीत.
केतकीने एकदा दाबून पाहिला,
बरा आहे, म्हणाली,
आणि चाल वाजवताना
त्या जागी बोट उचललं.

झोयाने नेमकी तिथेच मान डोलावली
जिथे काही वाजलं नव्हतं.

माझा अंगठा उठला, सवयीने,
बाजूला काढायला.
मग तोच हात भात्यावर नेला.
तुझी बोटं मोकळी ठेव, म्हटलं,
हवा मी भरतो.
पुन्हा वाजव.
आणि गोकुळ, तू हसू नकोस,
पुढचा नंबर तुझा आहे.