शेरा : निरंक

केतकीनं मेमरी कार्ड दिलं, म्हणाली,
मामा, रात्रपाळीत ऐक. दिवसा नको.
दिवसा तो नुसता गोंगाट वाटतो.

तेहतीस केव्हीचं आमचं उपकेंद्र, गावापासून दोन किलोमीटर.
मधे तूर, मग नाला, मग पुन्हा तूर.
जानेवारी. लोखंडी खुर्चीला दव सुटलेलं.
बाराला शेतीचा फिडर चालू केला,
नोंदवहीत अँपिअर लिहिले
आणि मोबाइल घमेल्यात ठेवला, म्हणजे आवाज मोठा होतो.

आधी वारा. नुसता वारा, दीड मिनिट.
मला वाटलं कार्डच खराब.
मग गिटारी आल्या, वेगवेगळ्या नाहीत, एकमेकींत कालवलेल्या.
ट्रान्सफॉर्मरची घूं कानात कधी शिरते कळत नाही,
बंद पडल्यावरच कळते, तशा.
खाली ढोल, इतके जलद की थांबल्यासारखे.
आणि मागं, फार मागं, नाल्यापलीकडून वाटावा
असा एक माणूस ओरडत होता.

याला गाणं म्हणायचं?

केतकी युक्रेनात साडेतीन वर्षं डॉक्टरकी शिकली.
आली ती एका पाठपिशवीनिशी,
दोन रात्री सरहद्दीवर रांगेत उभी राहून.
घरमालकिणीच्या पोरानं, तारास त्याचं नाव,
निघताना हा अल्बम दिला. त्यातली बासरी त्याची.
त्याला फोन लागतो का, मी विचारलं नाही.
ती एवढंच सांगते :
तिथली माती आपल्यासारखीच काळी, मामा,
ओली झाली की चपला ओढून घेते.
आणि बर्फाला कापूस म्हणू नकोस.
कापूस गरम असतो.

चौथ्या गाण्यात ओरडणं खाली बसलं
आणि बाया गायला लागल्या. म्हाताऱ्या असाव्यात.
गळा न वळवता, भर छातीनं,
या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर निरोप द्यावा तशा.
सूर सोडताना एक हिसडा, वर,
जसं पोतं खांद्यावर घेतलं.

चारच्या सुमारास झिबल नेहारे आला.
रोज येतो, मोबाइल चार्जिंगला लावतो,
मग ढोरं नाल्यात उतरवतो.
मी बंद करायला हात घातला.
"राहू दे न."
उकिडवा बसला, कान घमेल्याकडं.
बिडी विझली तरी ओढत राहिला.
मग म्हणाला,
"ह्याचं ढोर हरपलं हाय."

कोणाचं?

"हा बोंबलून राह्यला न, त्याचं.
आधी नावानं बोलावते माणूस.
नाव सरलं की असा आवाज निघते.
माही कबरी गेलती टिपेश्वरच्या जंगलात,
तिसऱ्या राती माह्या गळ्यातून हाच निघाला."

सापडली?

"घंटी सापडली."

तेवढ्यात बासरी आली.
झिबल पाडव्याला ढालीपुढं पावा वाजवतो, चाळीस वर्षं.
डोळे मिटून त्यानं मांडीवर बोटं धरली,
दोनदा चुकली, तिसऱ्यांदा त्यानं नाद सोडला.
"आपला सूर नाही हा.
पण पोराचे बोटं आखडले हायेत.
फुंक थंडीतली हाय."

चार बावन्नला मेन लाइनच गेली.
दिवे गेले. घूं थांबली.
हरभऱ्यातले पंप एकेक करून गप्प झाले.
काळोखात फक्त घमेलं वाजत होतं,
पुन्हा तो माणूस, पुन्हा नाल्यापलीकडून,
आणि इकडच्या काठावर एक गाय हंबरली.
झिबल उठला. "हो, आलो, आलो."
कोणाला म्हणाला, ते नाही सांगता येत.
फोन विसरूनच गेला.

पाच वीसला पुरवठा आला. कारण : अज्ञात.
शेऱ्याच्या रकान्यात रोज निरंक लिहितो,
आजही लिहिलं, पण पेन बराच वेळ टेकलेलं राहिलं
आणि न वर शाईचा ठिपका पडला.

केतकीला मेसेज केला :
ऐकलं. बासरी वाजवताना त्याची बोटं गारठली होती का?
बराच वेळ ती काहीतरी लिहीत असल्याचं दिसत राहिलं,
मग दिसेनासं झालं, मग पुन्हा.
शेवटी आलं,
"तुला कुणी सांगितलं?"

मी झिबलचा फोन चार्जरवरून काढला.
पूर्ण भरला होता.