वाट वाकडी करून

मैदानकच्या डोंगरावर, उझबेकिस्तानात,
दुर्बिणीचा घुमट उघडताना करकरतो.
सनोबर त्याला रोज दोन शिव्या घालते,
मग हातमोजे काढून कामाला लागते.

पडद्यावर दोन ठिपके, क आणि ख.
दोन नाहीत. एकच आहे ते,
फार लांबची आकाशगंगा,
जिच्या पोटात कृष्णविवर गिळत बसलंय
आणि गिळता गिळता मधूनच भडकतं.
वाटेत दुसरी आकाशगंगा आडवी आली.
तिच्या वजनानं अवकाशच वाकलं,
म्हणून तोच उजेड वाट वाकडी करून
दोनदा येतो.
क अगोदर. ख चारशे सतरा दिवसांनी,
कारण ख वजनाच्या जवळून निघतो.

हे होलमुरोदला समजवावं लागलं नाही.
चहा ठेवत तो म्हणाला होता,
वजनदारांच्या दारावरून जायचं
म्हणजे उशीर व्हायचाच.

मागल्या हिवाळ्यात क भडकला
तेव्हा सनोबर डोंगरावर नव्हती.
नोवोसिबिर्स्कहून फोन आला होता.
परांचीची फळी निसटली.
चुलतभाऊ तीन वाक्यं बोलला,
त्यातलं एक रशियन.
मग विमानाचे कागद, शवपेटी,
शहरिसब्झच्या गोठलेल्या मातीत कुदळींचा आवाज.
इथल्या वहीत त्या रात्रींसमोर
कुणीतरी लिहून ठेवलं: निरीक्षण नाही.

आणि एकोणीस दिवसांनी खोकं आलं.
बसनं, दोन सरहद्दींवर
उघडून पुन्हा बांधलेलं.
लोकरी मोजे. काळ्या चहाचा डबा.
बापाच्या तिरक्या अक्षरात चिठ्ठी:
गुडघा बरा आहे. नवरोजला येतो.
एवढ्या थंडीत रात्रभर काय बघतेस, पोरी?

आई म्हणाली, हे आधीचं आहे.
हो, आधीचंच, सनोबर म्हणाली.
तरी आईनं उठून
त्याच चहाचं पाणी ठेवलं,
तीन पेल्यांचं.

आज चारशे सतरावी रात्र.
हुकलेलं पुन्हा बघायला मिळतं
असं कुणाचं नशीब असतं, होलमुरोद विचारतो.
सनोबर ऐकून न ऐकल्यासारखं करते.
मधल्या आकाशगंगेचा पुसट डाग
ती रोज चित्रातून वजा करते,
हिशेबात तो नकोच असतो.
आज बोट कळेवर थांबतं.
हिच्यामुळे उशीर,
आणि हिच्यामुळेच तर दुसरी वाट.
राहू दे, एका प्रतीत तरी.

तीन वाजून दहा मिनिटं.
ख कालच्यापेक्षा किंचित वर.
कधीचं घडून गेलेलं
आत्ता पोचतंय, ताजं, ऊन ऊन.
ती आकडा लिहिते, आकड्यापुढं वेळ.
उजव्या मोज्याची वीण घोट्याशी उसवलीय.
पश्चिमेकडून ढग चढताहेत.
अजून वीस मिनिटं मिळतील,
फार तर पंचवीस.