डांबराची राखण

गोष्ट झोपवायला जन्मली नाही.
आधी एवढं सांगून ठेवते.

कायनूच्या रानात, जूनमध्ये,
सूर्य मावळायला जातो आणि अर्ध्या वाटेत विसरून परत येतो,
तेव्हा पाइनच्या ढलप्या खड्ड्यात रचायच्या,
वर शेवाळ, त्यावर माती,
आणि कडेकडेनं विस्तव द्यायचा.
सात दिवस, सात रात्री
आतल्या आत धुमसायला हवं.
ज्वाळ बाहेर आली की डांबर गेलं,
वर्षभराचं मीठही गेलं.
म्हणून कुणीतरी जागं राहायचं.
जागं राहायला कॉफी नव्हती.
एदला होती.

एदला: तोंडात दोन दात, हातात फावडं.
तिच्या गोष्टीत आटपाट नगर नव्हतं.
बर्फ होता, आणि एक मुलगी,
पायात बापाचे बूट,
चर्चचं गाव अकरा कोस.
मुलगी चालली, चालली.
वाटेत म्हातारी भेटली, तिला एक मोजा दिला.
वाटेत अस्वल भेटलं. द्यायला काही उरलं नव्हतं,
त्याला आपलं नाव दिलं.
मग दार आलं.
दारामागे भाकरी.

ताह्वो माती टाकता टाकता हसला,
"भाकरी? त्या साली? अगं, पाद्र्याच्या घरीसुद्धा
झाडाची साल दळत होते."
एदला म्हणाली, "तिकडं धूर वाढलाय, बघ जा."
तो गेला.
परत आला तोवर मुलगी खायला बसली होती.

गाडीखाली यूसे होता, सहा वर्षांचा.
तो झोपलाय असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.
"त्या भाकरीत साल होती?"
कुणी बोललं नाही. डास तेवढे बोलत होते.
"नव्हती," एदला म्हणाली. "निव्वळ राय."
"मग संपली?"
"उरली.
दुसऱ्या दिवसाला उरली."

मला वाटतं, गोष्ट मुलांची झाली ती इथे.
त्याआधी ती मोठ्यांची होती,
डोळे ताणून धरण्याची एक काडी.

बूट खरे होते.
वसंतात बर्फ वितळला तेव्हा आधी ते सापडले,
मग बाकीचं.
रानात सगळ्यांना माहीत होतं,
ताह्वोलाही. तो हसला कसा, कळत नाही.
कदाचित हसल्याशिवाय फावडं उचलत नसेल.
एदलानं मुलीचं नाव गोष्टीत कधी घेतलं नाही.
ते अस्वलाकडे आहे.

डांबराची पिंपं होडीत चढली, धबधब्यांवरून आपटत
समुद्राकडे गेली, आणि त्यांच्या वासासारखी गोष्टही.
पुढच्या उन्हाळ्यात शहरातून एक विद्यार्थी आला,
वही नवी, कान डासांनी सुजलेले.
सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, तात्पर्य?
एदलानं खड्ड्याकडे बोट केलं,
"फुटला नाही."
त्यानं लिहिलं: आज्ञाधारक लेकरांना देव उपाशी ठेवत नाही.
छापताना अस्वल गळलं.
मोजा राहिला.

यूसेचं आडनाव मी लावते.
ओउलूच्या इस्पितळात रात्रपाळी करते, मुलांच्या मजल्यावर.
इथंही जूनमध्ये अंधार पडत नाही,
पडदे ओढून तो करावा लागतो.
सात नंबरच्या खाटेवर काइसला, नाकात नळी.
तिची आई खुर्चीत बसल्या बसल्या झोपलीय, बूट घालूनच.
मी पुस्तकातून वाचत नाही.
अस्वलासकट सांगते.

ती विचारते, "अस्वलानं नावाचं केलं काय?"

हे मला कुणी सांगितलेलं नाही.
मी म्हणते, हिवाळाभर तोंडात धरून झोपलं,
गिळलं नाही.
"मग परत दिलं?"
यंत्रावर हिरवी रेघ चालली आहे,
चालली आहे.
"दिलं की नाही?"

थांब हं, मी म्हणते,
तिकडं धूर वाढलाय का, बघून येते.
आणि दाराबाहेर येऊन
थोडा वेळ
उभी राहते.